चिंचेखालचं घर

अण्णा पुन्हा त्याच जागी चुकले.

मुलुंडच्या सोसायटी हॉलमध्ये सावरगव्हाण ग्रामस्थ मंडळाची बैठक चालली होती. गावाच्या इतिहासाचं पुस्तक निघणार होतं. ऐंशी वर्षांचे अण्णा तरुणपणी दर शनिवारी मारुतीची पाटी डोक्यावर घेऊन गावभर फिरायचे. हाक मारली की त्या घरातून मूठभर धान्य पाटीत पडायचं. त्याच हाका ते आज म्हणून दाखवत होते आणि पुस्तकाचं काम पाहणारी इरावती मोबाइलवर रेकॉर्ड करत होती.

"पारावरचे थोरात होऽ! विहिरीवरचे डोके होऽ! चिंचेपलीकडचे तांबे होऽ!"

मालन गोंधळली. विहीर झाली, तांबे झाले. मधली चिंच? चिंचेखाली तर तिचं सासर. वाकचौऱ्यांचं नाव दुसऱ्यांदाही आलं नाही.

सासूबाई रोज चूल पेटवण्याआधी एक मूठ मारुतीसाठी बाजूला काढायच्या. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मालनला बजावलं होतं, "मूठ काढताना बोलायचं नाही. देताना आपलं नाव तर मुळीच सांगायचं नाही." का, ते सांगितलं नाही. मालननेही विचारलं नाही. सत्तावीस वर्षांत तिचा एक दिवस चुकला नव्हता. आज पुस्तकासाठी ती सासूबाईंचा फोटो घेऊन आली होती. खाली लिहायचं होतं, 'रोज मूठ देणारी माउली'.

"काय वहिनी," मंडळाचा सेक्रेटरी देवदत्त हसला, "अख्खं गाव देत होतं, तुमच्याच घरानं हात आखडला वाटतं! मग हा फोटो टाकू कुठे?"

दोघंतिघं हसले. मालनचे कान तापले. सासूबाई खोटं सांगतील? छे. मग अण्णाच विसरले असतील.

"अण्णा, आमचं घर राहिलं ना हो. सोनूबाई वाकचौऱ्यांचं."

अण्णांनी फोटो हातात घेतला. चष्मा वर करून बराच वेळ पाहत राहिले.

"तीन लेकरं पदरात टाकून नवरा गेला हिचा," ते म्हणाले. "घर राहिलं नाही, सूनबाई. हाक मारायची ती पाटी भरायला. फेरी संपली की चिंचेखालच्या दारात मी ती रिकामी करायचो. तिथं तोंड उघडायचं नाही, असं गावानं ठरवलं होतं."