बरोबर सात

जुनं फौजदारी कोर्ट बंद होऊन तीन वर्षं झाली होती. आता तिथे संग्रहालय व्हायचं होतं, म्हणून मनोऱ्यावरचं घड्याळ पुन्हा चालू करायला घड्याळजीला बोलावणं आलं.

याच इमारतीत त्याच्या थोरल्या भावाला चौदा वर्षांची शिक्षा झाली होती. साक्षीदाराने शपथेवर सांगितलं होतं, "हा गल्लीतून धावत बाहेर आला तेव्हा मी वर पाहिलं. कोर्टाच्या घड्याळात बरोबर सात वाजले होते." खुनाची वेळही सातचीच निघाली. दादा शेवटपर्यंत म्हणत राहिला, "मी साडेपाचला गेलो, बस गाठायला."

घड्याळजीने यंत्राच्या पेटीचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला जुन्या कारागिरांनी पेन्सिलीने दुरुस्तीच्या नोंदी केल्या होत्या. एका ओळीपाशी त्याचा हात थबकला. खुनाचंच वर्ष, तोच महिना. 'चाक मोडलं. काटे सातवर अडकले. चार महिने बंद.'

फोटो काढून तो तडक घरी आला. शिक्षा भोगून सुटलेला दादा शर्टाला बटण लावत बसला होता. त्याने फोटो नीट पाहिला आणि मोबाईल परत दिला.

"ठाऊक होतं मला. वकिलांना सांगितलंही होतं. ते म्हणाले, कोर्टात उभं राहून कोर्टाचंच घड्याळ बंद होतं म्हणालास, तर साहेब बिथरतील."





दादाने दोऱ्याला गाठ मारली. "आता चालू करतोयस ना? मग झालं तर."