लाल रेशीम

मोबाइलवरच्या व्हिडिओंत बेस गिटारचे सल्ले देणाऱ्या अतुलनं सानगडीत भीमगीतांच्या तालमीत डोमाकाकांच्या गिटारची तार छेडली नि कॅमेऱ्यासमोर तोंड वाकडं केलं. "तारा मेल्या ना जी काका. बदलवा." त्याला गिटार धरायला शिकवणारे काका ओशाळले. "धानाच्या भांड्यात उकळून घेतल्या ना बाबू, मळ निघते." मंडळी हसली, अतुल सगळ्यांत मोठ्यानं. चहा घेऊन आलेल्या काकूंनी ट्रे आदळला. "हासून काहून राहिला? तुह्याच जुन्या तारा आहेत ह्या. तुमसरच्या स्पर्धेआधी तू यायच्याजवळ गिटार सेटिंगले देल्ली, तवा यायनं आपल्या नव्या तुह्या गिटारले चढवल्या." अतुलनं वाकून पाहिलं. तारांच्या टोकांना त्याच्या जुन्या तारांचं ओळखीचं निळं रेशीम गुंडाळलेलं होतं. आपल्या गिटारवर काकांच्या तारांचं लाल रेशीम त्यानं तेव्हाच पाहिलं होतं, विचारलं नव्हतं. काकांनी आपल्या गिटारच्या तारा वर-खाली करायचा पाना उचलला. "सांग बाबू, तारा किती उंच ठेवू?"