एंबुआसची शीळ

ठण्ण! ठण्ण! बापाच्या हातातली काशाची थाळी पुन्हा घुमली आणि दिमाहनं दातओठ खाल्ले. वरातीच्या पुढं तोच चालला होता. एका हातात दोरीला लटकलेली थाळी, दुसऱ्यात कापड गुंडाळलेला दांडका. उजाडल्यापासून त्या दांडक्याला उसंत नव्हती.

"व्याहीबुवा, हात आहे की ओंडका?" नवऱ्या मुलाचा काका सुम्पिंग मागून ओरडला. "पाखरांचं सोडा, आमचेच कान जायचे!"

सगळे हसले. थाळी वाजवायची ती पाखरांसाठीच. नवरी नेताना रानात एंबुआस हा पक्षी बोलला की संपलं. वरात तिथूनच मागं फिरते, सोयरीक मोडते, आणि दोष कुणाच्याच माथी येत नाही. ना भांडण, ना दंड. पाखराच्या तोंडून देव बोलल्यावर माणूस काय करणार? पण ऐकूच आली नाही तर ती शीळ लागू होत नाही. म्हणून वराती थाळ्या बडवत जातात. देवांना ही पळवाट ठाऊक नसेल असं नाही, पण ते काणाडोळा करतात.

नवऱ्या मुलाला, जाराउला, नाही म्हणायला दिमाहकडं कारण होतं. सुगीच्या सणात झुंजीत त्याचा कोंबडा हरला. हरलेला कोंबडा लोक पोटाशी धरतात, जखमेला हळद लावतात. जाराउनं त्याचे पाय धरून तो खांबावर आपटला, पुन्हा आपटला, आणि हात पुसून हसत जेवायला बसला. हे पाहिलं ते दिमाहनं एकटीनं. बाकीचे तांदळाच्या दारूत बुडाले होते. त्याच दारूच्या भरात तिच्या बापानं, बेलायोंगनं, जाराउच्या लांबघराला, जिथं अख्खं गाव एका छपराखाली राहतं, लेकीचा शब्द देऊन टाकला.

"अपाई, मी त्याच्याकडं नांदायची नाही," तिनं दुसऱ्या दिवशी बापाला तोंडावर सांगितलं.

"शब्द गेलाय, पोरी. मी तो मोडला तर दोन्ही लांबघरांत वैर पेटेल." बेलायोंग तिच्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "कोंबडा कसा आपटला, परत सांग."

तिनं परत सांगितलं. त्यानंतर रोज पहाटे तो वेत तोडायला म्हणून रानात जायचा आणि हात हलवत परत यायचा. लेकीच्या नजरेला नजर देववत नाही म्हणून पळतोय, असं दिमाहनं धरलं. तिला त्याचा राग आला आणि कीवही आली.

आज तर त्यानं कहरच केला. होडी सजवून तयार होती. बाप म्हणाला, नदीला पाणी नाही, तळ खडकाला लागेल, रानातून जाऊ. आदल्या संध्याकाळी दिमाह त्याच नदीत गळ्याएवढ्या पाण्यात अंघोळ करून आली होती. रानातली वाट जवळची पडते, एवढंच. गळ्यातलं लोढणं लवकर काढायची घाई झाली होती त्याला.

वाट जुन्या रानात शिरली. तिथं कुणी कुऱ्हाड लावत नाही. झाडं दाट, उजेड हिरवा, पायाखाली जळवा. सुम्पिंग पोटरीवरच्या जळवा ओरबाडत शिव्या मोजत होता. दिमाहनं इथंच ठरवलं. होईल ती शोभा होवो. ती वाटेत मधोमध बसली. डोक्यावरचा चांदीचा साज खळ्ळकन वाजला.

"मी पुढं यायची नाही."

सगळी वरात अडली. सुम्पिंगचं तोंड उघडंच राहिलं. बेलायोंग मागं वळून आला. चेहऱ्यावर घाम, डोळे लाल. दांडका मात्र चालूच होता.

"ऊठ," तो म्हणाला. "त्या वठलेल्या झाडापर्यंत चल. मग बस हवं तर जन्मभर."

इतका कठोर तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. ती उठली. डोळ्यांत पाणी होतं, ते तिनं पुसलं नाही. वठलेल्या झाडापर्यंत तर वठलेल्या झाडापर्यंत. त्याच्यापुढं तिला ओढून नेलं तरी ती जाणार नव्हती.

झाड आलं. वाळकं, अर्धं कुजलेलं, बुंध्यात एक गोल भोक. आणि थाळी थांबली.

"काय झालं?" सुम्पिंग घाईनं पुढं आला.

"हात भरून आला."

"तुमचा? आणा इकडं, मी वाजवतो!"

बेलायोंगनं थाळी छातीशी घट्ट धरली. तिचा उरलासुरला नादही अंगात जिरवला.

रान गप्प झालं. मग भोकाजवळच्या फांदीवरून एक लांब शीळ आली, आणि तिच्यामागं लहान लहान, उतरत जाणाऱ्या. दिमाहनं वर पाहिलं. लाल चोच, निळ्याकाळ्या पट्ट्यांची पाठ. नावाचा खंड्या, पण हा कधी नदीवर येत नाही. डोक्यावरची पिसं सावकाश उभारत आणि मिटत तो बोलत होता.

सुम्पिंग मटकन खाली बसला. "एंबुआस," तो पुटपुटला. "झालं. देवांनीच नको म्हटलं."

"काय करणार," बेलायोंग म्हणाला. "फिरा मागं."

वरात वळली. बाप लेकीच्या जवळ आला आणि तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, "जाता जाता वेत तोडून नेऊ, पोरी. रोज पहाटे त्या भोकाखाली येऊन बसतोय, पण वेताकडं बघायला सवडच झाली नाही."