दर साली बारसं

"बाई, माझ्या लेकीचे गुण कुठं गेले?"

शंकरप्पानं फोन हुमाच्या टेबलावर ठेवला. कालपर्यंत त्यावर क्लासच्या ॲपचा निळा गरुड होता. आज तिथं केशरी गोल, आणि खाली नवं नाव : टॉपरसेतू. आत आरतीचं नाव होतं. नावापुढं सगळं कोरं.

चार वर्षांतलं हे पाचवं नाव. ज्ञानझेप, झेप प्लस, गुणगरुड, गरुड वन आणि आता हे. लातुरातल्या त्या क्लासचं ऑफिस हुमा पठाण सांभाळायची. नाव बदललं की सातशे पालकांचे फोन तिलाच येत. "म्याडम, आमचं ॲप हरवलं."

"आमचं गाव भूकंपात पडलं," शंकरप्पा म्हणाला. "सरकारनं उचलून दोन कोसावर मांडलं. विहीर मागं राहिली, देऊळ मागं राहिलं. पर नाव तेच ठिवलं. ह्या कंपनीचं असं काय पडलंय, का दर साली बारसं घालतेत?"

हुमाला हसू आलं नाही. परवा खास तुकडीची यादी लागणार होती. चाळीस जागा. वर्षभराच्या चाचण्यांत जे वर, तेच पुढच्या वर्षी इथं शिकणार. आरती तिसरी होती. हुमानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. यादीत नाव नसलं, तर पोरीचा मामा मुखेडचं स्थळ धरून बसलेलाच होता.

आवाज ऐकून क्लासचे मालक वैजनाथ सर केबिनमधून बाहेर आले. फोन पाहिला आणि टेबलावर मूठ आपटली.

"लाज न्हाई ह्या कंपनीवाल्यांना! लेकरांची मेहनत म्हंजे काय पाटीवरचा खडू हाय?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. गेले ते गेले. यादी मी करतो अंदाजानं. दरसालसारखी."

"पेरणी अंदाजानं करतेत, सर," शंकरप्पा म्हणाला. "रास अंदाजानं न्हाई करत."

सर केबिनकडं वळले.

हुमा स्वतः बारावीला तालुक्यात पहिली आली होती. तिलाही असंच वर्गातून उठवून बोहल्यावर बसवलं होतं. तेव्हा भांडायला कुणी गेलं नव्हतं.

"अप्पा, उद्या नांदेडला चला," ती म्हणाली. "कंपनीच्या दारात उभं राहून विचारू."

सकाळच्या एस.टी.त ती वाटभर शब्दांना धार लावत बसली. कंपनी म्हणजे भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या निघाल्या. फैजान नावाचा तिशीतला माणूस लगबगीनं पाणी घेऊन आला.

"पाणी ठेव बाजूला. नाव बदलायचा एवढा सोस आसल तर स्वतःचं बदल! आमच्या लेकरांवर बोळा का फिरवतोस?"

"आपा, बसा तर."

"बसायला न्हाई आले. ह्यांची पोर पहाटं चारला उठून अभ्यास करती. पुसताना तुझा हात न्हाई थरथरला?"

फैजान गोंधळून दोघांकडं बघत राहिला.

"आपा, आम्ही एकच ॲप बनवतो. त्याला आमचं नावच न्हाई. गिऱ्हाईक सांगल ते नाव, सांगल तो रंग."

"खोटं!"

"दर साली यादीच्या आधी तुमच्या क्लासचं पत्र येतं. नाव बदला, मागचं पुसून टाका."

हुमा कडू हसली. "सर असं पत्र देणार न्हाईत. काल रागानं टेबल फुटायचं राहिलं त्यांच्या हातून."

"सरांचं पत्र म्हणून कुठं म्हणालो मी?"

फैजाननं फाइल काढून समोर ठेवली. शंकरप्पानं चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून मोठ्यानं वाचू लागला.

"...नवीन नाव द्यावे... मागील सर्व गुण कायमचे काढून टाकावेत..."

हुमाला गेला आठवडा दिसला. प्रवेशअर्जांचा हातभर गठ्ठा. "मॅडम, पटापट करा, लोक खोळंबलेत." आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर टेकलेलं सरांचं बोट.

शंकरप्पाचं बोट सरकत सरकत त्याच कोपऱ्यावर येऊन थांबलं. त्यानं एकेक करून मागची पानं उलटली. मग मान वर केली.

"बाई," तो म्हणाला, "चारही कागदांवर सही तुमची हाय."