आपोआप

मंजुषा हल्ली चितेगावच्या कंपनीतून रोज उशिरा यायची आणि पर्समधल्या पेनड्राइव्हला नवऱ्याला हातसुद्धा लावू द्यायची नाही. ऋतुराजच्या मनात पाल चुकचुकत होती. आज मात्र पेनड्राइव्ह ती टेबलावरच विसरून गेलेली दिसत होती. वाळूजहून पहिली पाळी करून आलेल्या ऋतुराजनं पायातले बूटही न काढता तो घरच्या कॉम्प्युटरला लावला आणि एकेक फोल्डर उघडून पाहिला. सगळे रिकामे. म्हणजे हिनं सगळं पुसून टाकलं असणार, असं म्हणत तो मागं वळला, तर मंजुषा दारात उभी.

"मी काय उघडलं नाय," तो घाईघाईनं म्हणाला. "कुणाचाय बघावं म्हणून नुसता लावला. आपल्या लिनक्सवर लावला की आपोआप उघडतो. तूच तशी सेटिंग करून ठेवलीयस. मागच्या वेळी पण तसंच झालं होतं ना?"

"हो. मागच्या वेळी मला ते खरं वाटलं." तिनं पर्स खुंटीला अडकवली. "म्हणून आज सकाळी हा टेबलावर ठेवायच्या आधी ते आपोआप उघडणं मी बंद केलं."