सामुराईंच्या रिकाम्या घरात

आप्पा वारले तेव्हा ऋतुजाला जपानहून सोलापूरला येता आलं नाही. वडिलांचं शेवटचं तोंडही तिला दिसलं नाही.

तीन महिन्यांनी ती जपानमधल्याच एका किल्ल्याच्या गावी, सामुराई योद्ध्यांची जपून ठेवलेली घरं बघायला गेली. एका रिकाम्या घरातून तिनं आईला व्हिडिओ कॉल लावला. फुलाबाई तिच्या खांद्यामागं बघायला लागल्या. मग रडत म्हणाल्या, "अवं, तितं कशाला गेलासा? लई थंडी हाय की."

"आई, कुणाशी बोलतीस? मी एकटीच हाय हितं."

फुलाबाईंचं तिच्याकडं लक्षच नव्हतं. "पायात कायबी न्हाय तुमच्या. गार लागतंय न्हवं?"

ऋतुजाच्या मागं चटई दबली. अगदी कानाजवळ थकलेला आवाज आला, "व्हय."