अनुसयाबाईंची बाजू

हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी अनुसयाबाईंनी केलेला सरकारी विम्याचा दावा फेटाळला गेला. त्याच आजाराचा, त्याच गल्लीतल्या दिघे सरांचा दावा मात्र मंजूर झाला. इथे कुठेतरी पाणी मुरतंय, हे बाईंनी तेव्हाच ओळखलं आणि तडक विमा केंद्र गाठलं.

"कायदा सगळ्यांना सारखा ना? मग दावा लढवायला सरांना वेगळा वकील कसा?"

"वेगळा नाही, मावशी," खिडकीतली वृषाली म्हणाली. "सगळ्यांना सरकारने यंत्र-वकीलच दिलाय. तो ज्याच्या त्याच्या फोनवरच्या बोलण्यावरून शिकतो आणि लवादापुढे त्याच्यासारखाच बोलतो."

"माझा काय बोलला ते ऐकव. मधे कुणी फेरफार केला असेल तर कळेल मला."

वृषालीने सुनावणीचं रेकॉर्डिंग लावलं. लवादाने विचारलं, "शस्त्रक्रिया तातडीची आहे का?"

त्यावर बाईंचाच आवाज हसला, अगदी त्या हसतात तसा. "छे हो, एवढं काही नाही. आधी दुसऱ्या कुणाचं बघा. माझं काय, चाललंय."

बाईंचा चेहरा उतरला. कुणीच फेरफार केला नव्हता. लेकीला, भावाला फोनवर त्या वर्षानुवर्षं हेच तर सांगत आल्या होत्या. दिघे सर मात्र फोनवर रिक्षावाल्यालाही कायदा शिकवायचे.

"फेरसुनावणी मागू?" वृषालीने विचारलं. "तिथे तुम्हाला स्वतः बोलता येईल."

'राहू दे गं, कशाला उगाच,' अगदी ओठांवर आलं होतं. बाईंनी तोंडावर पदर दाबला आणि ते शब्द परत जाईपर्यंत काढला नाही. मग म्हणाल्या, "माग."